डावी की उजवी? विचारसरणीत हरायला जागा आहे का, ते आधी पाहा

निबंधासाठी तुम्ही विचारलेला प्रश्न असा आहे: हुकूमशाही डाव्या विचारसरणीतून जास्त निपजते की उजव्या, आणि दोन्हींकडच्या राजवटींनी घेतलेले बळी मोजले तर त्याचा निकाल लागेल का? मी २७ वर्षं तुलनात्मक राजकारण शिकवतो आहे. हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो आणि बहुतेकदा भांडणाच्या सुरात येतो. एकाने स्टालिनचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने हिटलरचं, आणि तास संपायचा. तुम्ही मात्र मोजायचं कसं हे विचारलंत. इतक्या वर्षांत मला जी कसोटी उपयोगी पडली ती सांगतो.

आधी आकड्यांचं पाहू. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत, म्हणजे एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या पावणेचार वर्षांत, १५ ते २० लाख माणसं मेली. देशातला दर चौथा-पाचवा माणूस गेला. चीनमध्ये माओच्या १९५८ नंतरच्या 'मोठ्या झेपे'तून, म्हणजे घाईघाईने उद्योग आणि सामुदायिक शेती उभारायच्या मोहिमेतून, जो दुष्काळ पडला त्यात कोट्यवधी गेले. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यू मारले, तेही यादी करून, रेल्वेचं वेळापत्रक आखून. यातलं काहीही विसरण्यासारखं नाही आणि एकाने दुसऱ्याची वजाबाकी होत नाही. पण हे राजवटींचे आकडे आहेत. विचारापासून राजवटीपर्यंतच्या वाटेत युद्ध, दुष्काळ, मोडकळीला आलेलं राज्य, एखादा माणूस, असं बरंच काही येतं. बळींची बेरीज त्या सगळ्याची असते.

तोच मार्क्स, तोच लेनिन वाचलेल्या लोकांनी १९५७ मध्ये केरळात निवडणूक जिंकून सरकार बनवलं. विधानसभेत बहुमत असताना ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते बरखास्त केलं. ती मंडळी पुन्हा मतदारांकडे गेली, पुढे कधी जिंकली, कधी हरली. पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी १९७७ पासून सलग ३४ वर्षं सत्तेत होती. त्या काळात गावपातळीवर पक्षाची दंडेली होती, ती मी झाकणार नाही. पण २०११ मध्ये हरल्यावर मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्यांचा शपथविधी झाला. मग विचारसरणीला काही अर्थच नाही, सगळा सत्तेचा खेळ आहे, असं म्हणावं का? तेही चूक आहे. काही विचारांच्या पोटातच विरोधकाला जागा नसते, काहींत ती असते पण परिस्थिती आली की गिळली जाते.

म्हणून मी प्रत्येक विचारसरणीला एकच प्रश्न विचारतो: तुला हरायला जागा आहे का? म्हणजे, आपण चुकू शकतो हे तिच्या तत्त्वात बसतं का? लोकांनी आपल्याला नाकारलं, तर ते लोकच राहतात, की फसलेले, विकले गेलेले, गद्दार ठरतात? पायउतार होणं तिच्या भाषेत शक्य आहे, की ते इतिहासाचा, राष्ट्राचा किंवा देवाचा पराभव ठरतं? डावं-उजवं हे माप मुख्यतः संपत्ती आणि समाजाची उतरंड याबद्दल आहे. हरण्याचं माप त्याला आडवं छेद देतं.

या मापाने फॅसिझमचा निकाल लगेच लागतो, कारण तिथे ही जागा मुद्दामच बुजवलेली असते. नेता म्हणजे राष्ट्राची इच्छा, आणि राष्ट्राची इच्छा चुकत नाही. आपण लोकशाहीची हत्यारं वापरून लोकशाही संपवायला संसदेत चाललो आहोत, हे हिटलरचा प्रचारप्रमुख गोबेल्स याने १९२८ मध्येच छापून सांगितलं होतं. इथे हुकूमशाही हा अपघात नाही, तोच कार्यक्रम आहे. २३ मार्च १९३३ चा दिवस मी वर्गात दर वर्षी सविस्तर सांगतो. राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत जळालेली, म्हणून बैठक क्रोल ऑपेरागृहात. दारात आणि भिंतींना लागून तपकिरी गणवेशातले नाझी दलाचे लोक उभे. कम्युनिस्टांच्या ८१ जागा रिकाम्या, कारण ते तुरुंगात, भूमिगत किंवा देशाबाहेर. विषय असा की चार वर्षं सरकारने संसदेशिवाय कायदे करावेत. दोनतृतीयांश बहुमत लागत होतं. त्या सभागृहात सोशल डेमोक्रॅट पक्षाचे ओटो वेल्स उभे राहिले आणि विरोधात बोलले. मत पडलं ४४४ विरुद्ध ९४. ते ९४ सगळे एकाच पक्षाचे होते. कॅथलिक मध्यममार्गी, उदारमतवादी, परंपरावादी या सगळ्यांनी बाजूने हात वर केला. १४ जुलैला नाझींखेरीज कुठलाही पक्ष काढणं हा गुन्हा ठरला.

त्या ४४४ मध्ये नाझी नसलेलेही पुष्कळ होते. त्यांच्याकडे पुढे येतो.

लेनिनवादाचा मामला वेगळा आहे, आणि इथे मला घाई करायची नाही, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. मार्क्सवादाचं अंतिम ध्येय मुक्तीचं आहे: वर्ग नाहीसे व्हावेत, राज्यसंस्थाही विरून जावी. ध्येयात हुकूमशहा नाही. अडचण साधनात आहे. कामगारवर्गाचं खरं हित कशात आहे हे शिस्तबद्ध, अग्रेसर पक्षाला कळतं, असं एकदा मानलं की कामगारांनी त्या पक्षाला मत दिलं नाही तर काय, याला उत्तर उरत नाही. त्यांना स्वतःचं हित अजून कळलेलं नाही, एवढंच म्हणता येतं. हा तात्त्विक पेच नोव्हेंबर १९१७ मध्ये प्रत्यक्षात आला. रशियाच्या संविधानसभेच्या निवडणुकीत लेनिनच्या बोल्शेविक पक्षाला एकूण मतांच्या चौथ्या हिश्शाइतकीही मतं मिळाली नाहीत. शेतकऱ्यांची बहुसंख्य मतं समाजवादी क्रांतिकारक पक्षाला गेली, म्हणजे तीही डाव्यांनाच. सभा जानेवारी १९१८ मध्ये भरली आणि रात्रभर चालली. पहाटे पहाऱ्यावरच्या नौसैनिकांचा म्होरक्या अध्यक्षांजवळ आला आणि म्हणाला, पहारेकरी दमले आहेत, आता सभागृह रिकामं करा. दुसऱ्या दिवशी सभासद आले तेव्हा दारं बंद होती. रशियाची ती संविधानसभा पुन्हा कधी भरली नाही.

पुढची पायरी १९२१ च्या मार्चमधली. दहाव्या पक्ष अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवर बंदी आली. आधी देशात हरायची जागा गेली, मग पक्षातही गेली. स्टालिनला जे तयार मिळालं ते हे. आणि हा धोका डाव्यांपैकीच एकीने आधी ओळखला होता. रोझा लक्झेंबर्ग यांनी १९१८ मध्ये जर्मनीच्या तुरुंगातून लिहिलं की स्वातंत्र्य म्हणजे नेहमी वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य. क्रांतीच्या बाजूने उभं राहून त्यांनी हे लिहिलं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं. मार्क्सवादाची दुसरी शाखा सोशल डेमोक्रॅट लोकांची. त्यांनी मतपेटी हे साधन मनापासून स्वीकारलं. स्वीडनमध्ये त्यांचा पक्ष १९३२ पासून, मधला एक उन्हाळा सोडला तर, सलग ४४ वर्षं सत्तेत होता. १९७६ मध्ये हरला आणि शांतपणे विरोधी बाकांवर जाऊन बसला. दोन्ही शाखांचं मूळ एकच, फरक हरण्याबद्दलच्या कल्पनेत.

राष्ट्रवादाबद्दल विचारताना मी 'लोक' या शब्दावर बोट ठेवतो. वसाहतींतल्या स्वातंत्र्यलढ्यांचा राष्ट्रवाद पुष्कळदा लोकशाहीची वाट मोकळी करणारा होता. पण राष्ट्र म्हणजे आम्हीच, असं एखादा पक्ष म्हणू लागला की गणित बदलतं. हंगेरीत २००२ ची निवडणूक हरल्यावर पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान म्हणाले होते की मायदेश विरोधी बाकांवर असू शकत नाही. ते वाक्य मी विद्यार्थ्यांना वहीत लिहून घ्यायला लावतो. पक्ष हरला तर देश हरला, मग दुसरा जिंकला तो कोण? व्हेनेझुएलात राष्ट्राध्यक्ष चावेझ डाव्या बाजूने तीच भाषा बोलत: मी एक माणूस नाही, मी म्हणजे जनता. धर्माधिष्ठित राज्याच्या विचारात हेच एका पायरीने वर जातं. इराणच्या १९७९ च्या संविधानात निवडणुका आहेत, संसद आहे, अध्यक्ष आहे. पण १२ जणांचं पालक मंडळ उमेदवार पारखून घेतं आणि संसदेचे कायदेही अडवू शकतं. मतदाराला निवडीचा हक्क आहे, पण चाळणीतून खाली आलेल्यांतूनच. सार्वभौम सत्ता माणसांची नाहीच असं मानलं की माणसांच्या मताने ती हरणार तरी कशी?

आता उदारमतवाद. माझा स्वतःचा कल याच बाजूचा आहे, म्हणून त्याची तपासणी जास्त कडक करतो. त्याच्या तत्त्वात हरायची जागा सर्वांत स्पष्ट आहे: सत्ता वाटून ठेवा, मर्यादित ठेवा, मुदतीची ठेवा. त्याचं पाप अपवादांत आहे. उदारमतवादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत ३५ वर्षं नोकरीला होता. त्याने १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, आणि त्याच ग्रंथात लिहिलं की मागासलेल्या समाजांसाठी, त्यांची सुधारणा होत असेल तर, एकतंत्री सत्ता योग्यच आहे. तत्त्व सर्वांसाठी, पण 'सर्व' कोण हे कंपनीचा अंमलदार ठरवणार. फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते, आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असं त्यावर शिक्कामोर्तब केलं. बाजारालाच स्वातंत्र्य समजणाऱ्या शाखेने चिलीत जे केलं तेही याच खात्यात जातं. पिनोशेच्या लष्करी राजवटीत ३,००० हून अधिक माणसं मारली किंवा नाहीशी केली गेली, आणि हायेकसारखा स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ १९८१ मध्ये तिथे जाऊन म्हणाला की उदारता नसलेल्या लोकशाही सरकारापेक्षा आपण उदारमतवादी हुकूमशहा पसंत करू.

तरीही मी उदारमतवादाला इतरांच्या रांगेत बसवत नाही. त्याच्या अपवादांविरुद्ध भांडायचे शब्द तो स्वतःच विरोधकाच्या हाती देतो. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतः बचाव केला, तेव्हा त्यांनी इंग्रजांच्याच मुद्रणस्वातंत्र्याच्या परंपरेचे दाखले दिले. शिक्षा झालीच, सहा वर्षांची. पण राज्यकर्त्याच्या तत्त्वाने राज्यकर्त्याला खोटं पाडता येत होतं. नाझी न्यायालयात नाझी तत्त्वाच्या आधारे असा बचाव करता येत नाही.

परंपरावादाकडे लोक दुर्लक्ष करतात. मला तो निर्णायक वाटतो, कारण दाराची किल्ली पुष्कळदा त्याच्याकडे असते. परंपरावादी माणूस स्वतः सहसा हुकूमशहा होत नाही. त्याला कायदा, सावकाश बदल, जुन्या संस्था प्रिय असतात. प्रश्न असा की डाव्यांच्या भीतीने तो कोणाला आत घेतो. जर्मनीत माजी चॅन्सेलर पापेन आणि त्याच्या परंपरावादी मित्रांनी, हिटलरला आपण आवरू या भरवशावर, ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला चॅन्सेलरपद, म्हणजे सरकारचं प्रमुखपद, मिळवून दिलं. मघाच्या ४४४ मध्ये हे होते. फिनलंडमध्ये याच्या उलट घडलं. राष्ट्राध्यक्ष स्विनहुवुड कट्टर उजवे, कम्युनिस्टांचे वैरी, लापुआ या अतिउजव्या चळवळीच्या पाठबळावर निवडून आलेले. १९३२ मध्ये त्याच चळवळीच्या सशस्त्र लोकांनी मँत्साला इथे बंड केलं, तेव्हा स्विनहुवुड यांनी रेडिओवरून बंडखोरांना घरी जायला सांगितलं. बंड विरलं, चळवळीवर बंदी आली. दोन्हीकडे विचारसरणी साधारण एकच, एकाने दार उघडलं आणि दुसऱ्याने लावलं.

म्हणून मी वर्गात एक प्रयोग करतो. चार चिठ्ठ्या वाटतो, देश आणि पक्ष झाकून. प्रत्येकीवर फक्त एवढंच की, आपली माणसं बसवता यावीत म्हणून सरकारने वरच्या न्यायालयातल्या न्यायाधीशांच्या जागा किती वाढवायचं ठरवलं: ५ च्या ९, ९ च्या १५, ११ च्या १५, २० च्या ३२. सरकार निवडून आलेलं, कायदा रीतसर. डावा कोण, उजवा कोण ओळखा. कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. पहिली चिठ्ठी १९९० च्या अर्जेंटिनाची, बाजारवादी मेनेम यांची. तिसरी २०११ च्या हंगेरीची, ऑर्बान यांची. चौथी २००४ च्या व्हेनेझुएलाची, चावेझ यांची. दुसरी चिठ्ठी उघडली की वर्ग गप्प होतो: १९३७ ची अमेरिका, रूझवेल्ट. आदल्या वर्षी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आलेला, गरिबांचा लाडका अध्यक्ष. पण ती योजना मंजूर झाली नाही. सिनेटमध्ये त्यांच्याच पक्षाचं प्रचंड बहुमत असताना ती ७० विरुद्ध २० मतांनी परत पाठवली गेली. स्वतःच्या पक्षाच्या माणसांनी आपल्या विजयी नेत्याला अडवलं. पक्षात नेत्याला हरायची जागा होती, म्हणून देशातही राहिली. एखाद्या विचारसरणीचा पक्ष तपासताना तुम्ही जाहीरनाम्यापेक्षा हे आधी पाहा: त्या पक्षात नेत्याविरुद्ध मत देऊन कोणी टिकतं का?

आपल्याकडचं उदाहरण टाळलं तर मी अप्रामाणिक ठरेन. २५ जून १९७५ ची आणीबाणी कुठल्या विचारसरणीतून आली? सत्ताधारी पक्ष स्वातंत्र्यलढ्याचा वारसा सांगणारा, संसदीय लोकशाही मानणारा. पाठिंबा देणाऱ्यांत भारतीय कम्युनिस्ट पक्ष. विरोधात मार्क्सवादी कम्युनिस्ट, समाजवादी, संघटना काँग्रेस आणि जनसंघ, म्हणजे डावे-उजवे एकत्र, आणि तुरुंगातही एकत्र. एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. बेचाळिसाव्या दुरुस्तीने सरनाम्यात 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द घातले आणि त्याच कागदाने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली. सरनामा उदात्त आणि कलम सत्ता लांबवणारं, एकाच दस्तऐवजात. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी दाद मागता येणार नाही. तो एक विरोधी आवाज न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा होता. १९७७ च्या निवडणुकीत सरकार हरलं आणि गेलं, हे नोंदवायलाच हवं. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं, मंत्रिमंडळाचा सल्ला लेखी हवा असं केलं, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही अशी तरतूद केली. ज्या भोकांतून सत्ता निसटली होती ती एकेक करून बुजवली गेली.

तुमच्या प्रश्नात 'हुकूमशाही' हा एकच शब्द आहे, पण आमच्या विषयात दोन भेद करतात. राज्यशास्त्रज्ञ लिंझ यांनी हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनचा अभ्यास करून ते नीट मांडले. अधिकारशाहीला तुमची आज्ञाधारकता हवी असते. चर्च, व्यापारी, लष्कर यांना ती थोडी जागा ठेवते, तुम्ही गप्प बसलात की तिचं भागतं. सर्वंकष सत्तेला तुमचं मनही हवं असतं. मोर्चात या, घोषणा द्या, शेजाऱ्याची खबर द्या. समाज मुळापासून नवा घडवायचा आहे असं सांगणाऱ्या विचारसरणी, मग त्या वंशाच्या असोत वा वर्गाच्या, दुसऱ्या प्रकाराकडे वळतात. जे आहे ते टिकवा म्हणणाऱ्या पहिल्याकडे. हा फरक मरणाऱ्याला उपयोगाचा नाही, पण अभ्यासात लागतो.

यावरून १९७९ मध्ये अमेरिकेत राज्यशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक यांनी एक सिद्धांत मांडला: उजव्या एकतंत्री राजवटी कालांतराने लोकशाहीकडे वळू शकतात, कम्युनिस्ट राजवटी वळत नाहीत. तो पुढे धोरणातही उतरला. दहा वर्षांत त्याची परीक्षा झाली, आणि तुमच्या निबंधात मी हीच दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवायला सांगेन.

चिलीत पिनोशेच्या स्वतःच्या १९८० च्या संविधानातच कलम होतं की लष्कराने सुचवलेल्या उमेदवाराला आणखी आठ वर्षं द्यायची का, याचा कौल जनतेकडून घ्यावा. ५ ऑक्टोबर १९८८ रोजी तो घेतला. सुमारे ५६ टक्के वैध मतं 'नाही' अशी पडली. रात्री सरकार निकाल सांगायला टाळाटाळ करत होतं. मध्यरात्रीनंतर हवाई दलाचे प्रमुख, स्वतः लष्करी मंडळाचे सदस्य, जनरल मात्थेई बैठकीसाठी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात शिरले. दारात पत्रकारांनी गाठलं तेव्हा 'नाही'वाले जिंकलेले दिसतात असं ते सांगून गेले. मग लपवायला काही उरलं नाही. आठ महिन्यांनी, ४ जून १९८९ रोजी, पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने कनिष्ठ सभागृहातल्या फक्त ३५ टक्के जागा खुल्या ठेवून निवडणूक घेतली. खुल्या असलेल्या सगळ्या १६१ जागा सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेने जिंकल्या, वरिष्ठ सभागृहात १०० पैकी ९९. ऑगस्टमध्ये पंतप्रधान त्यांचा झाला. दोन्ही राजवटींनी हरायची ती जागा आपण हरणार नाही या खात्रीने ठेवली होती.